बोजा चढण्याआधी

जळगावच्या कुठल्याही मराठी दैनिकाची आतली पाने उलटली की बारीक टाइपात छापलेल्या चौकटी दिसतात. वर ‘ताबा नोटीस’, खाली कर्जदाराचे नाव, सहकर्जदार म्हणून त्याच्या बायकोचे नाव, जामीनदार, थकबाकीचा आकडा आणि मग चतुःसीमा : पूर्वेस रस्ता, पश्चिमेस अमक्याचे घर, दक्षिणेस गल्ली. ज्या घरात लग्ने झाली, बारशी झाली, त्याची ओळख या चार दिशांपुरती उरते. ही सूचना मराठीत येते त्यालाही कायदाच कारण आहे. २००२ च्या सरफेसी कायद्याखालच्या नियमांप्रमाणे ताबा घेतल्याचे दोन वर्तमानपत्रांतून जाहीर करावे लागते आणि त्यांतले एक स्थानिक भाषेतले असावे लागते. घरमालकाला कळावे, हा हेतू. पण चौकट छापून येते तेव्हा कळण्यासारखे फारसे उरलेले नसते. जे त्याला कळायला हवे होते ते त्याच्या कित्येक महिने आधी आलेल्या एका पत्रात होते आणि ते पत्र बहुधा इंग्रजीत होते.

या लेखाचा विषय ते पहिले पत्र आहे. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात आणि एकूणच खानदेशात घर आणि रान वाचवण्याचे जे प्रयत्न झाले, होत आहेत, त्यांकडे पाहताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. घर लिलावाच्या दिवशी जात नाही. पहिला हप्ता चुकल्यापासून त्या पत्राला उत्तर न दिल्यापर्यंतच्या दिवसांत ते जाते, आणि त्या दिवसांत कुटुंब एकटे असते.

रावेर म्हणजे केळी. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, मधल्या काळ्या रानात नजर पोचेल तिथवर बागा. रावेर, सावदा, निंभोरा या स्टेशनांवरून केळी पिढ्यान्‌पिढ्या उत्तरेकडे जात आली आहे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. २०२१ मध्ये याच तालुक्यातल्या तांदलवाडीची केळी त्या मानांकनासह दुबईला गेली. बाहेरून पाहणाऱ्याला हा सधन मुलूख वाटतो आणि काही प्रमाणात तो आहेही. पण या सधनतेचे वेळापत्रक वेगळे आहे. लावणीपासून कापणीपर्यंत वर्ष जाते, कधी त्याहून जास्त. मे-जूनच्या वावटळीत घड लागलेली बाग एका तासात आडवी होते. पावसाळ्यात पानांवर हरण्या उतरला, म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणू आला, की रोपे उपटून फेकण्याशिवाय इलाज राहत नाही. भाव बऱ्हाणपूरकडे पाहून ठरतो आणि तो सकाळी एक, संध्याकाळी एक असतो. पैसा येतो तेव्हा एकदम येतो. नाही आला तर वर्षभर येत नाही.

घरकर्जाचा हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला येतो. एक साधा हिशेब मांडून पाहू. कुणी ८ लाखांचे घरकर्ज १२ टक्के व्याजाने १५ वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे ९,६०० रुपये बसतो. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले ८,००० रुपये नुसत्या व्याजात जातात, मुद्दलात जेमतेम १,६००. ९० दिवस थकले की खाते बुडीताच्या वाटेवर म्हणून नोंदले जाते. केळीच्या बागेला ९० दिवस म्हणजे काहीच नाही. एवढ्यात तिला निसवण्याचीही घाई नसते. शेतीकर्जाच्या थकबाकीचे नियम रिझर्व्ह बँकेने पिकाच्या हंगामाशी जोडले आहेत. नैसर्गिक आपत्तीत ३३ टक्के किंवा जास्त पीक गेले तर पीककर्जाचे पुनर्गठन करून मुदत वाढवण्याची तरतूदही आहे. परंतु त्याच शेतकऱ्याच्या दाराशी उभ्या असलेल्या फायनान्स कंपनीच्या माणसाला बाग आडवी झाल्याशी देणेघेणे नसते. कर्ज दोन प्रकारचे, पण फेडायचे एकाच बागेतून.

आणखी एक गुंता आहे, तो नीट पाहायला हवा. सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेण्याची जी ताकद हा कायदा बँकांना देतो, ती शेतजमिनीवर चालत नाही. म्हणून गेल्या काही वर्षांत खेड्यापाड्यांत कर्ज वाटणाऱ्या संस्थांची नजर घराकडे वळली : बिनशेती प्लॉट, त्यावरचे स्लॅबचे घर, गावच्या चौकातला गाळा. जमिनीवर विकास सोसायटीचा इकरार आधीच असतो. तिथली वसुली सहकार कायद्याच्या कलम १०१ चा दाखला आणि नियम १०७ यांच्या वाटेने जाते. सहकारी बँकांना सरफेसी लागू होतो की नाही हा वादही मिटला आहे. कोल्हापूरकडच्या मुरगूड सहकारी बँकेच्या खटल्यात ५ मे २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो लागू होतो असा निकाल दिला. एका कुटुंबाचे रान एका कायद्याने आणि घर दुसऱ्या कायद्याने जाऊ शकते, आणि त्या दोन्हींची पत्रे एकाच पोस्टमनच्या हातून येतात.

दिवाणी प्रक्रिया संहितेत, कलम ६० मध्ये, एक जुनी आणि फार माणुसकीची तरतूद आहे. शेतकरी, मजूर किंवा घरगडी ज्या घरात राहतो ते घर, त्याची अवजारे, त्याची बैलजोडी साध्या पैशाच्या हुकूमनाम्यापोटी जप्त करता येत नाही. इंग्रजी अमलातल्या कायद्याला हे का सुचावे, याचे उत्तर महाराष्ट्राच्याच मातीत आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. पुढे चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कायदा आला. खास गहाण टाकली नसेल तर शेतकऱ्याची स्थावर मिळकत हुकूमनाम्यात विकायची नाही, असे त्यात लिहिले गेले. सुरुवातीला तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांपुरता होता. खानदेश तेव्हा बाहेरच राहिला. या सगळ्या संरक्षणात एकच वाट मोकळी आहे : आपल्या सहीने केलेले गहाणखत. तिथे सही झाली की कलम ६० मदतीला येत नाही. आजची घरे याच वाटेने जातात, म्हणून गहाणखतावर सही करण्याच्या दिवशी सोबत कोण आहे, हा प्रश्न मला सर्वांत मोठा वाटतो.

या प्रश्नाशी रावेरच्या परिसराचे नाते जुने आहे. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याने सावदा ओलांडले की फैजपूर लागते. २७ आणि २८ डिसेंबर १९३६ ला काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन तिथे भरले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. बांबू आणि गावच्याच साहित्यातून सजावट उभी केली नंदलाल बोस यांनी. आणि अधिवेशन उभे करण्यासाठी राबले ते रावेर तालुक्यातल्या खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी आणि त्यांच्यासारखे शेकडो कार्यकर्ते. फैजपूरची आठवण आपण मिरवणुकीसाठी आणि बांबूच्या कमानींसाठी काढतो. तिथे मंजूर झालेला शेतीविषयक कार्यक्रम मात्र सहसा कुणी वाचत नाही. सारा आणि खंड कमी करावा, न परवडणाऱ्या तुकड्यांवर तो माफ असावा, ग्रामीण कर्जाची चौकशी करायला न्यायाधिकरणे नेमावीत, तोवर वसुलीला स्थगिती द्यावी, आणि सरकारने स्वस्त पतपुरवठा करावा, अशी त्यातली मागणी होती. पुढच्याच वर्षी बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ मुंबईत आले आणि १९३९ मध्ये मुंबई शेतकरी ऋणनिवारण कायदा झाला. कर्जाचा हिशेब तपासून, फुगवलेले व्याज छाटून, फेडता येतील असे हप्ते बांधून देणारी मंडळे त्यातून निघाली. घराचा किंवा रानाचा लिलाव होण्याआधी तिसऱ्या, निःपक्षपाती माणसाने हिशेब पाहावा, ही कल्पना फैजपूरच्या मांडवात बोलली गेली होती. आज नेमकी तीच जागा रिकामी आहे.

सावकारी मात्र गेली नाही, तिने कागद बदलला. पूर्वी गहाण असे, आता खरेदीखत असते. पैसे देताना सावकार ‘नावापुरती’ खरेदी करून घेतो, ‘पैसे दिले की परत फिरवून देतो’ असा तोंडी शब्द देतो, आणि सातबाऱ्यावर किंवा घराच्या उताऱ्यावर फेरफार होऊन जातो. यावर उपाय कायद्यात आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ च्या कलम १८ नुसार, सावकारीच्या व्यवहारातून खरेदी, गहाण वा अन्य नावाखाली हडपलेली स्थावर मिळकत परत देण्याचा आदेश जिल्हा उपनिबंधक देऊ शकतात. अर्ज मात्र मुदतीत करावा लागतो. परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याकडून तारणावर ९ आणि विनातारण १२ टक्क्यांहून जास्त वार्षिक व्याज घेता येत नाही, चक्रवाढ लावता येत नाही. गावात चालणारा ‘शेकडा तीन’, ‘शेकडा पाच’ हा दर महिन्याचा असतो, म्हणजे वर्षाला ३६ आणि ६० टक्के. तो उघड बेकायदा आहे. आपल्याकडे दामदुपटीचा नियम त्याहून जुना : व्याज कधीही मुद्दलाच्या वर जाऊ नये. आजी-आजोबांना हा नियम तोंडपाठ होता.

मार्चमधले ‘नवे-जुने’ हे सावकाराचे सर्वांत मोठे दार. सोसायटीचे पीककर्ज मुदतीत फेडले तर तीन लाखांपर्यंत व्याज लागत नाही, ही राज्याची सवलत चांगलीच आहे. पण बाग उभी, पैसा हातात नाही, अशा वेळी आठ-पंधरा दिवसांसाठी सावकाराकडून रक्कम उचलायची, सोसायटीत भरायची, नवे कर्ज मिळाले की सावकाराची परत करायची, असे गावोगाव चालते. नवे कर्ज लांबले, की सावकाराचे पंधरा दिवस सहा महिने होतात. बिनव्याजी कर्जाच्या ओढीने घेतलेले हे व्याजी कर्ज घराच्या उताऱ्यापर्यंत पोचते.

एकत्र येऊन घर-रान राखण्याचे दाखले खानदेशात आहेत. शहाद्याच्या भिल्ल शेतकऱ्यांच्या जमिनी कर्जाच्या आणि फसवणुकीच्या वाटेने गेल्या होत्या. अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांच्या सहकारी कार्यकर्त्यांनी ३० जानेवारी १९७२ ला शहाद्यात भूमुक्ती परिषद घेतली. गेलेल्या जमिनी शोधायच्या, कागद काढायचे, आणि एकट्या माणसाने तहसीलला न जाता गावाने जायचे, ही त्यांची रीत होती. आदिवासींच्या जमिनी परत करण्याविषयीचा राज्याचा कायदा त्यानंतर आला.

दुसरा दाखला जळगाव जिल्ह्याचाच आणि मला तो अधिक जवळचा वाटतो. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन झाले. त्यानंतर संघटनेचे नेते शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली : शेतकऱ्याने आपण होऊन जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करावा. ज्या गावात शंभर कुटुंबे असे करतील ते लक्ष्मीमुक्ती गाव. १९९० च्या सुमारास जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरने हे सर्वांत आधी करून दाखवले. शंभरावर नवऱ्यांनी तलाठ्याकडे जाऊन बायकोचे नाव लावले. १९९२ मध्ये राज्य शासनाने परिपत्रक काढून या नोंदींची वाट सोपी केली.

विटनेरचे महत्त्व स्त्रीच्या सन्मानापुरते नाही. तिथे घराच्या सुरक्षिततेची एक पक्की युक्ती आहे. आज घरकर्जात बायकोचे नाव सहकर्जदार म्हणून सर्रास घेतात, पण घराच्या उताऱ्यावर, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, ती नसते. कर्जात भागीदार आणि मालकीत परकी. मालकीच्या कागदावर तिचे नाव असते तिथे तिच्या सहीवाचून गहाणखत होत नाही, ‘नावापुरती’ खरेदी होत नाही, दारूच्या किंवा जुगाराच्या देण्यापोटी रात्रीत व्यवहार होत नाही. पंतप्रधान आवास योजनेचे घरकुल बाईच्या किंवा दोघांच्या नावे मिळते ते याचसाठी. पालच्या बाजूला, सातपुड्याच्या कुशीत, तडवी आणि पावरा कुटुंबांना वनहक्क कायद्याखाली मिळणारा पट्टाही नवरा-बायको दोघांच्या नावे असतो आणि तो वारसाने जातो. विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. लोकसंघर्ष मोर्चा या संघटनेने या पट्ट्यांसाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढले. नोव्हेंबर २०१८ मध्ये तर आदिवासी ठाण्याहून मुंबईत आझाद मैदानापर्यंत चालत गेले. विकता न येणारी जमीन ही काय मालमत्ता, असे विचारणारे भेटतात. मला वाटते, ज्याच्या आधीच्या तीन पिढ्यांनी जमीन गमावली त्याच्यासाठी हीच खरी मालमत्ता.

हा प्रश्न आता गावठाणातही आला आहे. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजली जात आहेत, घराला मालमत्ता पत्रक आणि सनद मिळते आहे. आजवर ज्या घराला ग्रामपंचायतीच्या आकारणीखेरीज कागद नव्हता त्याला पहिल्यांदा पक्का कागद येतो. त्यावर कर्ज मिळेल असे सांगितले जाते आणि ते खरे आहे. कर्ज मिळेल म्हणजे जप्तीही येऊ शकेल, हे मात्र सनद वाटपाच्या समारंभात कुणी सांगत नाही. जगाने या कोड्याची वेगवेगळी उत्तरे शोधली. अमेरिकेत बॉस्टनच्या डडली स्ट्रीट भागातल्या रहिवाशांनी १९८४ मध्ये संघटना बांधली आणि पुढे जमीन सामुदायिक न्यासाकडे, घर कुटुंबाकडे अशी रचना केली. २००८ च्या घरकर्ज संकटात अशा न्यासांच्या घरांवर जप्तीची वेळ फार कमी आली. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २०१३ मध्ये ग्रामदान कायद्याखाली गावाची जमीन ग्रामसभेच्या नावे केली. रावेरच्या बागायती गावात कुणी असे करील, ही अपेक्षा मी ठेवत नाही. मात्र गावाच्या परवानगीशिवाय शेवटचे छप्पर विकले जाऊ नये, एवढी भावना त्यातून घेता येईल.

बचत गटांकडे मी अधिक आशेने पाहतो. महिला आर्थिक विकास महामंडळ (माविम) आणि राज्याचे ग्रामीण जीवनोन्नती अभियान (उमेद) यांच्या गटांमुळे तालुक्यातल्या गावोगाव बायका दर आठवड्याला किंवा महिन्याला एकत्र बसतात, वही लिहितात, आपसात कर्ज देतात. वरचा हिशेब पुन्हा घेऊ. बारा जणींच्या गटाने प्रत्येकी २०० रुपये महिन्याला टाकले तर वर्षात २८,८०० रुपये जमतात. ९,६०० चे तीन हप्ते म्हणजे २८,८००. एका गटाची एका वर्षाची बचत एका घराचे ते घातक ९० दिवस निभावून नेऊ शकते. घड लागलेल्या खोडाला वारा सुटण्याआधी बांबूचा टेकू देतात, तसे हे. गट आज हा पैसा शेळीला, शिलाई यंत्राला, दवाखान्याला देतात. थकलेल्या घरहप्त्यासाठी राखीव निधी ठेवणारा ग्रामसंघ ठरवून उभा करायला हवा. सूक्ष्म वित्त कंपन्यांचे कर्ज विनातारण असते, घर त्यात थेट जात नाही. पण एकाच बाईच्या डोक्यावर अशी तीन-चार कर्जे चढली की पहिला हप्ता चुकतो तो घराचाच. म्हणून निधीसोबत वहीही हवी : कुणाकडे कोणाचे किती, ते गटात मोकळेपणी बोलता यावे.

सुरुवातीला म्हटलेले ते पहिले पत्र येते ते सरफेसीच्या कलम १३(२) चे. त्यात ६० दिवस असतात. त्या काळात कर्जदाराने लेखी हरकत घेतली तर बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते. हिशेब मागता येतो, हप्ते बांधून मागता येतात, सामोपचार योजनेत एकरकमी तडजोड मागता येते. ताबा घेतल्यावर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते, पण ते न्यायाधिकरण जळगावलाही नाही, छत्रपती संभाजीनगरला आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर पैसे भरून मिळकत सोडवण्याचा हक्क लिलावाची सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच धरला जातो. म्हणजे जसजसे दिवस जातात तसतशी दारे लांब जातात आणि अरुंद होतात. स्वस्त, जवळचे, मराठीतले दार फक्त पहिल्या ६० दिवसांत असते. बायकांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि कमी उत्पन्नाच्या माणसांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने वकील फुकट मिळतो. लोकअदालतीत दाव्याआधीच तडजोड होते आणि तिच्यावर अपील नसते.

गावाच्या एकीची दुसरी बाजूही सांगायला हवी. नाशिक जिल्हा बँकेने थकबाकीदारांच्या जमिनींवर जप्ती आणली तेव्हा २०२३ मध्ये शेतकरी रस्त्यावर आले, आणि ते योग्यच होते. राज्य सरकारने २०२२ मध्ये भूविकास बँकेच्या ३४,७८८ कर्जदारांचे ९६४ कोटी १५ लाख माफ केले, वर्षानुवर्षे चढून बसलेला बोजा उतरला, तेही योग्यच. परंतु जळगाव जिल्ह्याने बुडालेल्या पतसंस्थाही पाहिल्या आहेत. जळगावात मुख्यालय असलेली बीएचआर मल्टिस्टेट २०१५ मध्ये अवसायनात गेली आणि पै-पै साठवलेल्या ठेवीदारांना पावत्या हातात घेऊन फिरावे लागले. निवृत्त शिक्षकाची ठेव हीसुद्धा एका घराची मालमत्ता असते. ज्याची ऐपत आहे त्याने फेडलेच पाहिजे. ज्याची बाग आडवी झाली त्याला वेळ मिळालाच पाहिजे. आणि कोण कुठल्या बाजूचा, हे गावाइतके अचूक दुसऱ्या कुणालाही ठाऊक नसते. १९३९ च्या मंडळांचे काम हेच होते.

फेडलेल्याचेही काम संपत नाही. बेबाकी दाखला घेतला, पेढे वाटले, आणि उताऱ्यावरचा बोजा तसाच राहिला, असे पुष्कळदा होते. १ डिसेंबर २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे : कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करून बोजा उतरवण्याची कारवाई करायची, उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. बोजा कमी झाल्याचा फेरफार आपल्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुणी निश्चिंत राहू नये.

येत्या २६ जानेवारीला प्रत्येक ग्रामपंचायतीत ग्रामसभा भरेल. तिच्या विषयपत्रिकेवर तीन गोष्टी आल्या पाहिजेत, असे मला मनापासून वाटते. नमुना ८ मध्ये ज्या घरांवर फक्त पुरुषाचे नाव आहे त्यांची यादी वाचावी आणि बायकोचे नाव लावण्याचे अर्ज तिथेच भरून घ्यावेत. आठवड्यातला एक ठरलेला दिवस ग्रामपंचायतीच्या खोलीत सोसायटीचे गटसचिव, उमेदची गावातली कार्यकर्ती आणि एखादा निवृत्त बँक कर्मचारी बसावेत आणि कुणालाही आलेले पत्र त्यांनी मराठीत वाचून दाखवावे. आणि रावेरच्या न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीला लेखी ठराव पाठवून त्या खोलीसाठी वकील मागावा. त्याला निधी लागत नाही, नवा कायदा लागत नाही. मार्चच्या नव्या-जुन्याला त्यानंतर दोन महिने असतील आणि बागा तेव्हा उभ्या असतील.